ज्वारीच्या धांड्यांची भातुकली : खानदेशातील एका दुर्लक्षित कारागिरीचा इतिहास

खानदेशच्या भौतिक संस्कृतीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने लेणी, किल्ले आणि नाणी यांकडे वेधले गेले. मुलांनी रानातून वेचलेल्या धांड्यांच्या, काट्यांच्या व मातीच्या इवल्या गाड्या, बाजा, पाट, जाती यांची नोंद क्वचितच झाली. १८८० चे खानदेश गॅझेटियर पिके व शेती यांचा तपशील देते. त्यांचा संबंध महसुलाशी होता, भातुकलीचा नव्हता.

पुरातत्त्वीय पुरावाही टिकाऊ द्रव्यांकडेच झुकलेला आहे. प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेला, दोन बैल जुंपलेला कांस्यरथ सर्वपरिचित आहे, जरी त्याच्या कालखंडाविषयी मतभेद असले तरी. इनामगाव येथे मातीच्या पेटीसह मृण्मय स्त्रीमूर्ती व बैल मिळाले. खुद्द खानदेशात गिरणाकाठचे बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे (उत्खनन १९५५) ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे आहेत. काडी-धांड्याची वस्तू अशा थरांत टिकणे जवळजवळ अशक्यच. म्हणून प्राचीन खेळणी मातीचीच होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

या कारागिरीचे मुख्य द्रव्य म्हणजे ज्वारीचे वाळलेले धांडे. त्याची वरची साल कठीण व चिवट, तर आतील भेंड मऊ व हलके असते. साल सोलून तिच्या चोयट्या काढावयाच्या आणि त्यांची टोके भेंडाच्या तुकड्यांत खोचावयाची, एवढेच तंत्र. डिंक नको, खिळा नको. गाडीच्या चाकाला भेंडाचा तुंबा, चोयट्यांचे आरे आणि वाकविलेल्या चोयटीची धाव असे. बाभळीचा काटा आस म्हणून चाले. सुताराच्या गाडीतील प्रत्येक भागाचे नाव आणि काम मुलाला या खेळातूनच कळत असे. धांडे ओले असल्यास भेंड सुकताना आकसते व सांधे सैल पडतात. त्यामुळे हा खेळ सुगीनंतरचा, विशेषतः दादर काढल्यानंतरचा.

मुलींच्या भुलाबाईच्या उत्सवात याच द्रव्याला धार्मिक स्थान लाभले. भाद्रपद पौर्णिमेला मांडलेल्या भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींना कोजागिरीस ज्वारीच्या पाच धांड्यांचे मखर केले जाते. मखर म्हणजे देवतेचे लहानसे घरच. खेळ आणि विधी यांतील सीमारेषा येथे किती पुसट आहे, याकडे लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

ही कारागिरी मागे पडण्याचा दोष सामान्यतः प्लास्टिकच्या खेळण्यांना दिला जातो. तो अपुरा आहे. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. या व पुढील संकरित वाणांची ताटे पारंपरिक वाणांहून ठेंगणी होती. पुढे कापूस व केळी यांनी ज्वारीची जमीन व्यापली. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाल्यावर हा कल अधिकच वाढला. केळीच्या सोपटापासून खेळणी होतात खरी, पण त्यात चोयटीचा ताठपणा नसल्याने बाज किंवा गाडी उभी राहत नाही. थोडक्यात, बाजारातील खेळणे घरात येण्यापूर्वीच पुष्कळ ठिकाणी कच्चा माल शेतातून निघून गेला होता.

बोरांसाठी व तलावासाठी प्रसिद्ध असलेले मेहरूण जळगाव शहरात सामावले. २००३ मध्ये जळगावात महानगरपालिका आली. अशा गावांत शिवारच उरले नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर आजही पेरली जाते, परंतु तिच्या कडब्याची पुष्कळदा यंत्रावर कुट्टी होते आणि मुलाच्या हाती अख्खे धांडे येतच नाही.