तळ्यातल्या तोफा

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेला पर्यटक कार्ल्याची लेणी पाहतो, लोहगड चढतो, भुशी धरणावर भिजून येतो. तळेगाव दाभाडे त्याच्या वाटेवरच लागते, पण तिथे तो क्वचितच उतरतो. उतरलाच, तर तळ्याकाठी घटकाभर वारा खाऊन परततो. इथल्या तळ्याने मात्र एका मोहिमेचा शेवट पाहिला आहे.

रघुनाथरावांच्या हाती पुण्याचा कारभार देण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज घाट चढून ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगावला पोचली. समोर जळालेले गाव होते. शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनीच ते पेटवले होते. पुढे चिंचवड आणि वेळ पडलीच तर पुणेही जाळायची तयारी होती. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी माघार घेतली. जाताना जड तोफा तळ्यात लोटल्या, सामान जाळले. वडगावला मराठ्यांनी त्यांना गाठले आणि तिथेच इंग्रजांना अपमानास्पद तह करावा लागला.

या विजयाचे श्रेय आपण महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांना देतो, ते रास्तच आहे. पण मुत्सद्द्यांचा डाव यशस्वी झाला तो कुणाच्या तरी घरादाराची राख होऊन. त्या तळेगावकरांना आपण श्रेयात धरत नाही. बनेश्वराला सेनापती खंडेराव दाभाड्यांची समाधी पाहायला जाल, तेव्हा तळ्याकाठीही थोडे थांबा. मावळातले ऐतिहासिक स्थळ म्हणजे केवळ गड आणि लेणी नव्हेत. जळून पुन्हा वसलेले गावही त्यात येते.