साक्ष : शब्द आणि आचार

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा धर्मांतराच्या प्रसंगाकडे वेधले जाते. बाप्तिस्मा केव्हा झाला, कोठे झाला, त्यावर कोणते वादळ उठले, ह्यांच्या नोंदी विपुल आहेत. परंतु त्यानंतरची वीस-तीस वर्षे ती व्यक्ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत कशी वागली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः ख्रिस्ती परिभाषेत ज्याला ‘साक्ष’ म्हणतात, तिचा खरा विषय हाच होय. प्रस्तुत टिपणात प्रथम ह्या शब्दाचा आशय तपासून, जुन्नर-आंबेगाव परिसराला परिचित असे दोन जुने दाखले पाहावयाचे आहेत. आणि त्यांच्या प्रकाशात पुणे व नगर जिल्ह्यांतील दोन चरित्रांकडे वळावयाचे आहे.

पाणिनीने ‘साक्षिन्’ हा शब्द ‘प्रत्यक्ष पाहणारा’ ह्या अर्थी सिद्ध केला आहे (५.२.९१). वेदान्तात साक्षी पाहतो, पण करीत नाही. अलिप्तता हेच त्याचे लक्षण. उलट बायबलच्या मूळ ग्रीकमधील ‘मार्तुस्’ हा शब्द आरंभी न्यायसभेतील साक्षीदाराचा वाचक होता, आणि ख्रिस्ती संघाच्या पहिल्या शतकांतील छळानंतर तो श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला लावला जाऊ लागला. म्हणजे तेथे अलिप्ततेला जागा नाही. बोललेल्या शब्दाची किंमत बोलणाऱ्याने स्वतः मोजावयाची आहे. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘साक्ष’ हा शब्द रूढ झाला तेव्हा हे दोन्ही प्रवाह त्यात एकत्र आले.

ह्याखेरीज गावगाड्यातील एक तिसरा अर्थही मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला होता. मराठेशाहीतील महजरांच्या अखेरीस साक्षीदारांची नावे येतात. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी करीत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. माणसाची साक्ष त्याच्या रोजच्या हत्याराने नोंदली जावी, ही कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे. ज्या कामावरून गाव त्याला ओळखते, तेच काम त्याच्या शब्दामागे उभे राहते.

दुसरा दाखला जुन्नरच्या लेण्यांतील आहे. तेथील ब्राह्मी लेखांत तीन दाते स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. इरिल ह्याने पाण्याची दोन टाकी दिली, चिट ह्याने संघासाठी भोजनमंडप दिला, आणि चंद ह्याचे दान लेण्याच्या दर्शनी भागाचे आहे. हे दाते बौद्ध संघाचे उपासक, ख्रिस्ती नव्हेत. तेव्हा येथे परंपरेचा संबंध जोडावयाचा नसून केवळ साम्य पाहावयाचे आहे. नावे परकी, लेखाची भाषा मात्र महाराष्ट्री वळणाची प्राकृत. आणि श्रद्धेचा पुरावा म्हणून मागे उरले ते पाणी आणि अन्न. बाहेरून आलेला माणूस अथवा बाहेरून आलेला विचार ह्या भूमीत कसा रुजतो, ह्याचे हे फार जुने उदाहरण होय.

आता एकोणिसाव्या शतकाकडे पाहू. तेथे आरंभी साक्षीला वादाचे रूप आले. १८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर ह्यांचा वाद झाला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी ह्यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वादविवाद केले. ह्या वादांनी मराठी गद्याला धार आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु खंडनमंडनाने शेजारी शेजाऱ्याला क्वचितच ओळखतो. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला, तरी पाणवठा आणि पंगत ही कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. खरी कसोटी तेथेच लागणार होती.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले व पुढच्याच वर्षी पुण्यास हलविलेले त्यांचे शारदासदन हिंदू विधवांसाठी होते, आणि तेथे त्या मुलींना आपले सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. स्वतः बाई ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. मात्र त्यांच्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा प्रश्न उभा राहिला : उघड्या दाराआडची प्रार्थना ही साक्ष की प्रलोभन? १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ज्या पालकांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्यांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही. आणि आपल्याच घरात आपली श्रद्धा लपवावी, ही अपेक्षाही न्याय्य म्हणता येणार नाही. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुली अक्षरे, विणकाम आणि छपाई शिकल्या. बाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना उमजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते तेथील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, बाईंच्या पश्चात, बाहेर पडला. महजरावरील निशाणीची येथे आठवण व्हावी : साक्षीचा शब्द आणि रोजचे हत्यार एकत्र आले.

दुसरे चरित्र लक्ष्मीबाई टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये. ह्या मधल्या काळाचे ‘स्मृतिचित्रे’तील वर्णन अभ्यासकाने पुनःपुन्हा वाचावे असे आहे. जातिभेद मनुष्यकृत आहे हा निर्णय त्यांच्या मनाने आधी केला. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याची सिद्धता बाप्तिस्म्यापूर्वीच आली. त्यांचे मन वादविवादाने वळले नाही. पाण्याच्या भांड्यापाशी ते वळले. पुढे नगरला त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे पुत्रवत् राहिले, आणि हिंदूच राहिले. त्या घरातील मायेने त्यांच्याकडून धर्मांतराची किंमत मागितली नाही. ह्या घराची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते ती एवढ्यासाठीच.

ह्या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा : साक्षीदाराचे काम पाहिलेले सांगणे आणि त्याची किंमत मोजणे हे आहे, निकाल देणे हे त्याचे काम नव्हे. तो अधिकार ऐकणाऱ्याचा. जेथे साक्षीदार निकालही आपल्याच हाती घेऊ पाहतो तेथे साक्ष संपते आणि सक्ती सुरू होते. जेथे तो भयाने मौन धरतो तेथे ती सुरूच होत नाही. ह्या दोहोंमधील अरुंद वाटेने चालणारी माणसे बहुधा अप्रसिद्ध असतात. त्यांचा इतिहास मिशनच्या अहवालांपेक्षा घरगुती पत्रे, हिशेबाच्या वह्या, स्वयंपाकघरातील शब्द आणि शेजाऱ्यांच्या आठवणी ह्यांत अधिक सापडेल. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिलालेखांचे ठसे घेताना ह्या बोलक्या साधनांकडेही लक्ष द्यावे, एवढेच सुचवावयाचे आहे.