मोठ्या वर्गात जोडीने अध्ययन

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर परिसरातील अनेक तरुण पदवीसाठी वाघोली, शिरूर किंवा थेट पुणे गाठतात. औद्योगिक वसाहतींमुळे मराठवाडा, विदर्भ व परराज्यांतील कुटुंबेही येथे स्थायिक झाली असून, त्यांतील कित्येक घरांतून महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी आहे. शंभरावर विद्यार्थ्यांच्या तुकडीत ‘समजले का?’ या प्रश्नाला पुढच्या दोन बाकांवरून होकार येतो आणि तास पुढे सरकतो. मागच्या बाकांवरील मौनाचा अर्थ निकालाच्या दिवशीच कळतो.

हे मौन मोडण्यासाठी अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाचे फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये एक साधी पद्धत मांडली. प्रश्नावर प्रथम प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि शेवटी वर्गासमोर उत्तर मांडायचे. मुंबईच्या आयआयटीत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी संगणक प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात दहा आठवडे, अशा तेरा उपक्रमांचे निरीक्षण केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णपणे किंवा बहुतांशी त्यात गुंतलेले आढळले. पहिल्या टप्प्यात ते प्रामुख्याने उत्तर लिहीत होते. हा लेखनाचा टप्पा गाळला, तर जोडीतील धीट विद्यार्थीच बोलतो, दुसरा मान डोलावतो.

प्रश्नाची निवडही महत्त्वाची. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून वर्गात आधी मतदान, मग चर्चा आणि पुन्हा मतदान असा क्रम रूढ केला. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तरच चर्चा फलदायी ठरते. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. रंगीत पुठ्ठे किंवा वर केलेली बोटेही पुरतात.

जमिनीला खिळलेल्या बाकांची सबब येथे चालत नाही, कारण शेजारी असतोच. मात्र तो नेहमीचा मित्रच असू नये. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत वांशिक तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी तेथे मिश्र गट करून प्रत्येकाला धड्याचा एकेक भाग दिला. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय धडा पूर्णच होत नसे. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचाराची झळ सोसलेल्या या परिसरात जोड्या कशा लावायच्या, हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा राहत नाही.

अडचण अभ्यासक्रमाची आहे. चर्चेला दिलेली दहा मिनिटे व्याख्यानातूनच काढावी लागतात, तेव्हा काय वगळायचे हे प्राध्यापकांना सत्राच्या आरंभीच ठरवावे लागते.