आर्नोतीरींची चिता व पुनरुत्थानाची श्रद्धा

कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज हे विलायतेचा प्रवास आटोपून स्वदेशीं परत येत असतां इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं इ. स. १८७० च्या नोव्हेंबरच्या ३० तारखेस वारले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. या प्रवासांतील त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनीं १८७२ सालीं लंडन येथें छापून प्रसिद्ध केली, त्यामुळें या तरुण राजानें युरोप कोणत्या डोळ्यांनीं पाहिला हें आजहि समजण्यास मार्ग आहे. परंतु आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें त्यांच्या प्रवासाविषयीं नव्हे. त्यांच्या देहाचें पुढें काय झालें, आणि तें ज्या नगरींत झालें तेथल्या लोकांची मृत्यु, थडगें व मरणोत्तर गति यांविषयीं श्रद्धा काय होती, याविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा हेतु आहे.

फ्लॉरेन्स ही त्या वेळीं इटलीची राजधानी होती. प्रेतें जाळण्याची रीत त्या देशांत नव्हती. तेव्हां सरकारांतून खास परवानगी काढावी लागली. शहराबाहेर कास्चीने नांवाचें मोठें उपवन आहे. त्याच्या टोकाशीं आर्नो व मुन्योने या दोन नद्या मिळतात. संगमाचें स्थान हिंदूंस पवित्र, म्हणून तेंच दहनास पसंत करण्यांत आलें, आणि रातोरात तेथें चिता पेटली. पुढें १८७४ सालीं त्या जागीं एक छत्री उभारण्यांत आली. तिची आंखणी मेजर मँट या स्थापत्यकारानें केली. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याच्या कल्पनेंतून निघाला तोच हा गृहस्थ. छत्रीखालील अर्धपुतळा फुलर नांवाच्या इंग्रज शिल्पकारानें घडविला. १९७८ सालीं जवळच जो मोठा पूल झाला, त्यासहि लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाच्या नांवानेंच ओळखतात.

आतां या नगरीचा दुसरा विशेष पाहा. फ्लॉरेन्सच्या जुन्या बाप्तिस्मागृहाच्या घुमटांत तेराव्या शतकांत केलेलें रंगीत खड्यांचें विशाल जडावचित्र आहे. त्यांत ख्रिस्त न्यायासनावर बसला आहे आणि त्याच्या पायांशीं मृत माणसें थडग्यांचीं झांकणें सारून सदेह बाहेर पडत आहेत. त्या नगरींतील कित्येक पिढ्यांनीं आपलीं मुलें या चित्राखालीं बाप्तिस्म्यास नेलीं. देह मातींत ठेवावयाचा तो टाकून देण्यासाठीं नव्हे, तर एके दिवशीं परत मिळावयाचा म्हणून, हें त्यांनीं अक्षरओळख होण्यापूर्वीं डोळ्यांनींच शिकून घेतलें होतें. अशा लोकांच्या वेशीबाहेर एका राजाचा देह कांहीं घटकांत राख होऊन नदीच्या ओघास लागला. मग त्यांच्या मतें त्या राजाला उठण्याचा मार्ग उरला कीं नाहीं?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. तो फार जुना आहे, आणि नदीच्या कांठींच तो एकदां फार क्रूरपणें विचारला गेला आहे. इ. स. १७७ मध्यें गॉल देशांतील लिऑं शहरीं ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ झाला. मारलेल्यांचीं प्रेतें छळणारांनीं कांहीं दिवस उघड्यावर टाकलीं, मग जाळलीं, आणि राख झाडून ऱ्होन नदींत लोटून दिली. यांना पुन्हा उठण्याची जी आशा आहे तीच मुळांतून नाहींशी व्हावी, असा त्यांचा उद्देश होता, असें युसेबियसच्या इतिहासांत नमूद आहे. शत्रूनें कोणत्या ठिकाणीं घाव घातला हें पाहिलें म्हणजे माणसाचा जीव कशांत गुंतला आहे हें कळतें. परंतु लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या घावानें ती आशा मेली नाहीं.

मेली नाहीं याचें कारण तिच्या मुळांत आहे. यहुदी लोकांत या बाबतींत पहिल्यापासून एकवाक्यता नव्हती. सदूकी पंथ पुनरुत्थान साफ नाकारी. परूशी तें मानीत. प्रेषित पौल हा परूशी परंपरेंत वाढलेला. त्यानें करिंथ येथील मंडळीस पहिल्या शतकाच्या मध्यास जें पत्र लिहिलें, त्यांत मेलेले कोणत्या देहानें उठतात या प्रश्नाला बियाण्याचा दृष्टांत दिला आहे. पेरला जातो तो नुसता दाणा. उगवतें तें त्याहून निराळें, आणि तरी त्याचेंच. शेतकऱ्याच्या देशांत या दृष्टांताला भाष्य नको. मातींत गेलेला दाणा जसाच्या तसा परत वर यावा असें कोणी म्हणत नाहीं. म्हणून अणुरेणूंची मोजदाद करीत बसणाऱ्या आक्षेपकांचा आणि त्यांना तितक्याच बारकाईनें उत्तरें देणाऱ्या पंडितांचा वाद आम्हांस बहुतांशीं व्यर्थ वाटतो. वाघानें खाल्लेल्या माणसाचें काय, माणसानें खाल्लेल्या माणसाचें काय, असल्या शंकांवर ऑगस्टिनसारख्या थोर पुरुषासहि पानें खर्चीं घालावीं लागलीं. पण त्याच ऑगस्टिननें हेंहि स्पष्ट सांगून ठेवलें आहे कीं, उत्तरक्रियेचा थाट मेलेल्यांच्या उपयोगाचा नसून जिवंतांच्या समाधानाचा आहे. त्याच्याहि पूर्वीं मिनूसियस फेलिक्स या लॅटिन ग्रंथकारानें, आम्ही पुरतों तें अग्नीच्या भयानें नव्हे, जुनी व अधिक चांगली रीत म्हणून, अशा आशयाचें उत्तर रोमन प्रतिपक्षास दिलें होतें.

म्हणजे पुरणें ही पुनरुत्थानाची अट नव्हती. ती त्याची ग्वाही होती. स्मशानभूमीस ख्रिस्ती लोकांनीं जो ग्रीक शब्द रूढ केला त्याचा मूळ अर्थ ‘निजण्याची जागा’ एवढाच आहे. परंतु ग्वाही आणि अट यांतला भेद शास्त्रकारांना जितका सुचतो तितका लोकांना सुचत नाहीं, आणि राजेलोकांना तर मुळींच नाहीं. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमान बादशहानें जिंकलेल्या सॅक्सन लोकांत प्रेत जाळणारास देहांताची शिक्षा ठरविली. तेव्हांपासून चिता म्हणजे ख्रिस्तद्रोह असें समीकरण युरोपच्या मनांत रुजलें. एकोणिसाव्या शतकांत दहनाची चळवळ उठली तीहि पुष्कळ ठिकाणीं धर्मसत्तेशीं वैर धरूनच उठली. मिलान येथें १८७६ त इटलींतील पहिलें दहनगृह चालू झालें. १८८६ त रोमच्या धर्मपीठानें दहनास बंदी केली, व ती १९६३ त उठविली. दहन करविणाऱ्याच्या मनांत श्रद्धेचा उपहास नसावा इतकेंच आतां पाहिलें जातें. तरी २०१६ सालच्या आदेशांत रक्षा पाण्यांत किंवा वाऱ्यावर सोडूं नये, पवित्र स्थळीं ठेवावी, असें बजावलेलें आहेच. या दृष्टीनें आर्नोच्या संगमावर जें झालें तें इटलींत दहनगृह निघण्याच्या सहा वर्षें आधीं झालें, आणि कोणाच्या धर्माचा उपहास करण्यासाठीं नव्हे, तर स्वतःचा धर्म पाळण्यासाठीं झालें.

आतां फ्लॉरेन्सहून कोल्हापुरास येऊं. योगायोग असा कीं, १८७० हेंच साल कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांतहि महत्त्वाचें आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरांत आले. त्यांनीं चालविलेलें काम १८७० सालीं अमेरिकेंतील प्रेसबिटेरियन मंडळानें आपल्याकडे घेतलें. या पंथाची शिकवण अशी कीं, मरणसमयीं आत्मा तत्काळ देवाकडे जातो आणि देह थडग्यांत पुनरुत्थानाची वाट पाहतो. मध्यें शुद्धिलोक नाहीं, आणि मृतासाठीं प्रार्थनाहि नाहीं. रोमन पंथाची शुद्धिलोकाची शिकवण १४३९ सालीं धर्मसभेनें ठरावानें पक्की केली ती, नवल असें कीं, फ्लॉरेन्स येथेंच. उलट इंग्लंडांत १६४५ त जें उपासनाविधान प्रेसबिटेरियन मतास अनुसरून तयार झालें, त्यांत प्रेत निमूटपणें पुरावें व थडग्यापाशीं प्रार्थनादि विधि करूं नयेत असें सांगितलें आहे.

आमच्या इकडे या शिकवणीचा खरा धक्का पुरण्यानें बसला असें आम्हांस वाटत नाहीं. करवीर प्रांतांत पुरण्याची रीत नवी नव्हती. लिंगायत लोक प्रेत बसवून पुरतात. संन्याशाला समाधि देतात. तान्ह्या मुलाला अग्नि देत नाहींत. मुसलमान शेजारी तर कयामतीच्या दिवशीं उठण्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मराठी ख्रिस्ती माणसानें ‘कबर’ व ‘दफन’ हे शब्द या शेजाऱ्याच्याच भाषेंतून उचलले, ‘थडगें’ घरचें घेतलें, आणि ‘पुनरुत्थान’ संस्कृतांतून बनविलें. हा शेवटचा शब्द फार सांभाळून वापरावा लागे. ऐकणारास तो पुनर्जन्माचा सख्खा भाऊ वाटे. आणि अर्थ तर अगदीं उलट. पुनर्जन्मांत आत्मा तोच, देह दुसरा, नांव दुसरें, आईबाप दुसरे, आणि तेंहि अनेकवार. पुनरुत्थानांत तोच माणूस, त्याच नांवानें, एकदांच. एका मतानें परत येणें हेंच बंधन. दुसऱ्या मतानें परत उठणें हीच सुटका. पौलाच्या ‘आध्यात्मिक देहा’ला आमच्याकडील सूक्ष्मदेह समजून कित्येक चांगले विद्वान्‌ फसलेले आहेत.

खरा धक्का होता तो श्राद्धाचा. मेलेल्यासाठीं जिवंतांनीं कांहीं करावयाचें नाहीं, ही गोष्ट बापाला वर्षानुवर्षें पिंड देणाऱ्या घरांत कशी पटावी? मुलगा ख्रिस्ती झाला म्हणजे त्याच्या हातचें पाणी पितरांस पोंचेना. इंग्रजी मुलखांत १८५० च्या कायद्यानें त्याचा वारसा वाचविला; पिंडाचा अधिकार कोणता कायदा वाचविणार? म्हणून अशा मुलाचा कित्येक घरांत घटस्फोट होई. पाण्याचा घट फोडून, जिवंत माणसाची उत्तरक्रिया करून, त्याचें सुतक संपवून टाकीत. आई आंत रडत असे आणि बाहेर भट मंत्र म्हणत असे. याला क्रौर्य म्हणणें सोपें आहे. परंतु ज्या घराला पितर ही नित्याची, जेवावयास येणारी माणसें वाटतात, त्या घराचें दुःख त्यांतून दिसतें, हें विसरतां कामा नये.

आणि येथें एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्या बाप्तिस्म्यामुळें घरच्यांनीं त्याला मेला असें मानलें, त्या बाप्तिस्म्याचा अर्थहि रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलानें तोच सांगितला आहे: ख्रिस्ताबरोबर मरणें, त्याच्याबरोबर पुरलें जाणें, आणि नव्या जीवितांत उठणें. घट फोडणारा बाप आणि पाणी घालणारा पाद्री या दोघांचें, हा माणूस आज मेला, एवढ्यापुरतें एकमत होतें. पुढचें वाक्य मात्र निराळें. बाप म्हणे, तो गेला. पाद्री म्हणे, तो उठला. कोल्हापुरांत वाइल्डरांच्या नांवाचें देऊळ उभें आहे. त्यांत दर ईस्टरला थडगें रिकामें सांपडल्याची कथा मराठींत वाचली जाते, आणि ऐकणाऱ्यांत अशा माणसांचे नातूपणतू बसलेले असतात, कीं ज्यांच्या नांवानें कोणे एके काळीं त्यांच्याच घरांत घट फुटला होता.