नर्मदेतील कबीरवड आणि जेम्स फोर्ब्सचे चित्र

भरूचजवळ नर्मदेच्या पात्रातील एका बेटावर कबीरवड उभा आहे. संत कबीरांनी टाकलेल्या दातवणातून तो रुजला, अशी लोकश्रद्धा आहे. अठराव्या शतकातील त्याचे रूप कळते ते प्रामुख्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या एका हौशी चित्रकार नोकरामुळे.

जेम्स फोर्ब्स विशी गाठण्यापूर्वीच मुंबईत दाखल झाला होता. मराठ्यांच्या इतिहासातही त्याचे नाव येते. १७७५ मध्ये राघोबादादांच्या मदतीस गुजरातेत गेलेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेबरोबर तो चिटणीस म्हणून होता. पुढे भरूच व डभोई येथे त्याने अधिकारपद सांभाळले. फुले, पक्षी, देवळे, माणसे, जे दिसेल ते तो रेखाटीत असे.

कबीरवडापुढे मात्र नेहमीची रीत अपुरी पडत होती. युरोपातील चित्रकार जुना ओक रेखाटीत, तेव्हा एक खोड आणि त्यावरचा विस्तार दाखविला की वृक्ष पुरा होई. येथे मूळ खोड कोणते, हेच सांगता येत नव्हते. जमिनीत रुजलेली प्रत्येक पारंबी नवे खोड बनत होती. म्हणून फोर्ब्सने चित्राला आकड्यांची जोड दिली: मुख्य खोडांभोवतीचा घेर सुमारे २,००० फूट, मोठी खोडे ३५०, लहान ३,००० हून अधिक. या सावलीत ७,००० माणसे विसावू शकतात, असेही त्याने नोंदविले. वडाचा बराच भाग नर्मदेच्या पुरांनी आधीच वाहून नेला होता, ही त्याची नोंद तर विशेष मोलाची आहे. त्याने पाहिला तो वडाचा उरलेला भाग होता.

सालबाईच्या तहानंतर भरूच महादजी शिंद्यांकडे गेले आणि फोर्ब्स १७८४ मध्ये मायदेशी परतला. तेथे त्याच्या रेखाटनांवरून जेम्स वेल्स या चित्रकाराने कबीरवड रंगविला. त्या वेळी वेल्सने भारत पाहिलाही नव्हता. १७९१ मध्ये तो मुंबईस आला आणि नंतर पुण्यात त्याने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे काढली. पेशवे दरबाराचे रूप जपणाऱ्या या चित्रकाराची हिंदुस्थानशी ओळख अशी फोर्ब्सच्या रेखाटनांतून झाली होती.

फोर्ब्सचे ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ १८१३ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाले. कबीरवड आजही आहे. पण जुनी खोडे जाऊन नवी येत राहिल्याने त्याचा आकार सतत पालटतो. त्यामुळे त्याच्या एका काळातील विस्ताराचा पुरावा म्हणून फोर्ब्सच्या चित्राकडे आणि मोजमापांकडे एकत्रच पाहावे लागते.