सुवर्णदुर्गासमोरचं ‘प्रोटेक्टर’

मराठी आरमार पेशव्यांनी बुडवलं की तुळाजी आंग्र्यांनी ते स्वतःच ओढवून घेतलं, हे भांडण आपल्याकडे काही संपत नाही. दोन्ही बाजूंची मंडळी माझ्या ओळखीत आहेत आणि दोघंही माझ्यावर चिडतात. कारण मी मध्येच एका जहाजाचा विषय काढतो.

प्रोटेक्टर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचं ४४ तोफांचं जहाज, त्या काळच्या मोठ्या फ्रिगेटच्या तोडीचं. कमोडोर विल्यम जेम्सचं निशाण यावर फडकायचं.

मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा तुळाजीविरुद्ध तह झाला. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरंच. पण तहातलं एक कलम बघा. समुद्रावरची सूत्रं इंग्रजांच्या हाती. वर बाणकोटचा किल्लाही त्यांना द्यायचा.

जेम्स २२ मार्चला मुंबईहून निघाला. प्रोटेक्टरसोबत त्याची तीनच छोटी जहाजं होती. चौलहून पेशव्यांच्या गुराबा आणि गलबतं येऊन मिळाली, ती संख्येने कितीतरी जास्त. गंमत म्हणजे जेम्सला वरून हुकूम होता की किल्ल्यांवर हल्ला करून जहाजं धोक्यात घालायची नाहीत, फक्त समुद्र अडवून धरायचा. आंग्र्यांची जहाजं हाती लागली नाहीत, ती दक्षिणेकडे निसटली. इकडे सुवर्णदुर्गाला पेशव्यांच्या फौजेचा वेढा रेंगाळलेला. जेम्सने मग रात्री जाऊन किल्ल्याभोवतीच्या पाण्याची खोली मोजली आणि हुकूम बाजूला ठेवला.

हर्णैच्या बंदरात उभं राहिलं की हे सगळं डोळ्यांसमोर येतं. समोर बेटावर सुवर्णदुर्ग, इकडे किनाऱ्यावर गोवा किल्ला, मधे अरुंद पाणी. २ एप्रिलला जेम्सने समुद्राच्या बाजूने मारा केला. तिथला तट म्हणजे जवळपास कातळच, काही उपयोग झाला नाही. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाने तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रोटेक्टर सरळ त्या अरुंद पाण्यात घुसलं, तटापासून शंभरेक यार्डांवर. एका बाजूच्या तोफा सुवर्णदुर्गावर, दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांवर! गोळ्याने आग लागली, दारूकोठार उडालं, माणसं होड्यांत बसून पळू लागली. किल्ला पडला. किनाऱ्यावरचे किल्लेही पाठोपाठ गेले.

त्या डिसेंबरात हेच जहाज विजयदुर्ग न्याहाळायला गेलं. अजिंक्य म्हणून ज्याचा दबदबा, त्याच्या तटाजवळ मोठी जहाजं जाऊ शकतील इतकं पाणी आहे, ही खबर जेम्सने आणली. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचा काफिला आला, प्रोटेक्टरही त्यात होतं. १२ तारखेला एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज तुळाजींनीच पूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं. त्याची आग पसरत गेली आणि आंग्र्यांचं आरमार धक्क्यालाच जळालं. किल्ला आधी पेशव्यांच्या हाती जाऊ नये म्हणून क्लाइव्हने आपली फौज मधे उतरवली. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. मित्रपक्षाला काहीही नाही! विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला तो ऑक्टोबरात, नव्या तहाने.

माझं मत विचाराल तर तुळाजींना आवरणं पेशव्यांना भाग होतं. पण स्वतःच्या गलबतांचा ताफा मागे उभा ठेवून पुढचं पाणी दुसऱ्याला मोजू दिलं, ती चूक अक्षम्य. खाडी आपली, मासेमारी आपल्या लोकांची, आणि तळ कुठे किती हात आहे हे मुंबईच्या कंपनीला ठाऊक!

जेम्स १७८३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने पुढच्या वर्षी लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीत एक तिकोनी बुरूज बांधला. तो अजून उभा आहे. नाव ‘सेव्हर्नड्रूग’. सुवर्णदुर्ग म्हणायचा तो त्यांचा प्रयत्न.