चिरगाँवची मतपेटी

मैथिलीशरण गुप्तांच्या पुस्तकांवर प्रकाशकाचा पत्ता छापलेला असे: साहित्य सदन, चिरगाँव (झाँसी). राष्ट्रकवी 1886 साली या गावात जन्मले आणि त्यांची पुस्तकं इथूनच देशभर गेली. त्यांचे धाकटे भाऊ सियारामशरण इथले, मुंशी अजमेरीही इथलेच. हिंदी शिकलेल्या माणसाला चिरगाँव म्हटलं की कविता आठवते. मी इतिहासाची शिक्षिका, झाशीच्या मराठी घरात जन्मलेली. या गावात मी गेले ती बहुतेक वेळा निवडणुकीच्या ड्यूटीवर. त्यामुळे मला चिरगाँवबद्दल वेगळाच प्रश्न पडत आला आहे. इथे पट्टी कोणी किती भरायची, पहारेकरी किती ठेवायचे, कोणत्या मोहल्ल्याची नाली आधी उपसायची, हे आजवर कोणी ठरवलं?

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की पारीछाच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, बंधाऱ्याने अडवलेली बेतवा दिसते, आणि तीसेक किलोमीटरवर चिरगाँव येतं. तहसील मोंठ. ओरछाच्या वीरसिंह देवांच्या वंशातल्या बुंदेल्यांची ही जहागीर. घराण्यातल्या एकाने आपली मालमत्ता आठ मुलांत वाटली, म्हणून या जहागिऱ्यांना अष्टभैया म्हणत; चिरगाँव त्यांतली एक. कंपनी सरकारने 1823 मध्ये इथल्या ठाकुरांना सनद दिली. 1841 मध्ये राव बख्तसिंग सरकारला जुमानेना, तेव्हा जहागीर काढून घेतली, गढी पाडून टाकली, आणि पुढे थोड्याच दिवसांत पनवाडीला राव मारला गेला. झाशीचं संस्थान खालसा झालं ते 1854 मध्ये. म्हणजे झाशीच्या 13 वर्षं आधी चिरगाँवने कंपनीचा अंमल पाहिला होता.

राव गेला, पण त्याच्या जागी गावाच्या हाती काही आलं नाही. 1856 चा विसावा कायदा, ज्याला लोक चौकीदारी कायदा म्हणत, चिरगाँवला लागू झाला, आणि विसावं शतक उजाडलं तरी गावाचा कारभार त्याच कायद्याखाली चालू होता. 1901 च्या खानेसुमारीत गावची वस्ती जेमतेम 4,000 होती. जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट गावातल्या काही प्रतिष्ठितांची पंचायत नेमायचा. पंचायतीचं मुख्य काम एकच: कोणत्या घरावर किती पट्टी बसवायची ते ठरवणं. माणसाची ऐपत आणि राखणीला असलेली मालमत्ता बघून आकडा ठरे. त्या पैशातून चौकीदारांचा पगार निघे, उरलंसुरलं झाडलोटीवर जाई. चौकीदार किती ठेवायचे ते मॅजिस्ट्रेट सांगे. पंच म्हणून मिरवायला मिळे, पण ज्याच्यावर पट्टी बसली त्याला त्या पंचाला जाब विचारण्याची सोय नव्हती, कारण त्याने पंच निवडलेलाच नव्हता.

हा कायदा मी वर्गात नेहमी सावकाश शिकवत असे. 1857 ची लढाई मुलांना तोंडपाठ असते. राणी झाशीहून भांडेरच्या वाटेने काल्पीला गेली, ही वाट इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक. पण त्या लढाईनंतर सामान्य माणसाच्या दारात सरकार कोणत्या रूपाने येऊन बसलं, हे कुणी सांगत नाही. ते आलं पट्टीच्या रूपाने आणि नेमलेल्या पंचांच्या रूपाने. सरकारचं सगळ्यात जवळचं, रोज दिसणारं रूप ते होतं.

नेमलेला सभासद नेहमी मुका असतो असं मात्र नाही. पुण्यात जोतीराव फुले 1876 मध्ये नगरपालिकेवर सरकारनियुक्त सभासद म्हणून आले. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणेभेटीसाठी 1,000 रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा विरोधात मत दिलं ते फुल्यांनी. तेवढे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्चावेत, हे त्यांचं म्हणणं. फुल्यांचं तेज त्यांचं स्वतःचं होतं. असा माणूस नेमला जावा हा योग. लॉर्ड रिपन यांचा 18 मे 1882 चा ठराव या योगावर विसंबू नये म्हणून आला: स्थानिक संस्थांत बिनसरकारी माणसं अधिक असावीत आणि जिथे शक्य तिथे ती निवडून यावीत. इंग्लंडात गुप्त मतदान येऊन तेव्हा 10 वर्षंच झाली होती, आणि जिल्हा व ग्रामपरिषदांचा कायदा तिथे 1894 मध्ये आला. रिपन यांच्या ठरावानंतर मोठ्या शहरांत निवडणुका सुरू झाल्या. पण मत त्यालाच, जो ठराविक कर भरतो किंवा ज्याचं उत्पन्न वा शिक्षण ठराविक आहे. चिरगाँवसारख्या कसब्यांसाठी 1914 चा टाऊन एरिया कायदा आला, तरी पट्टी ऐपत आणि मालमत्ता पाहूनच बसत राहिली. आमच्या प्रांतात 1916 च्या नगरपालिका कायद्याने मुसलमानांचे मतदारसंघही वेगळे केले. शेजारच्या दुकानदाराची आणि आपली मतपेटी वेगळी, हे शहराशहरांतून रुजत गेलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता त्या माणसाकडे येते, ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला.

आत्माराम गोविंद खेर. झाशीचे मराठी. कोकणातल्या नेवऱ्याहून बुंदेलखंडात आलेल्या गोविंदपंत बुंदेल्यांचं आडनाव खेर. चिरगाँवच्या पूर्वेला, याच जिल्ह्यात, गुरसराय ही खेर घराण्याची जहागीर होती. आत्माराम खेर काँग्रेसमध्ये गेले आणि 1946 च्या गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य मंत्री झाले. प्रांताचा 1947 चा पंचायत राज कायदा त्यांच्याच खात्याचा. त्या कायद्याने गावातला प्रत्येक प्रौढ माणूस, बाई असो वा पुरुष, गावसभेचा सदस्य झाला. जमीन किती, पट्टी किती, अक्षर येतं की नाही, हे कुणी विचारायचं नाही. 1949 मध्ये निवडणुका झाल्या आणि 15 ऑगस्ट 1949 पासून गावसभा कामाला लागल्या.

तारखा शेजारी ठेवून पाहा. राज्यघटना लागू झाली 1950 मध्ये. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 ची. त्याआधीच चिरगाँवच्या आसपासच्या खेड्यांतल्या बाया, ढीमर आणि कोरी, लोधी आणि ब्राह्मण, एका मैदानात बसून गावचा प्रधान निवडत होते. तेव्हा मतदान हात वर करून होई. म्हणजे जमीनदाराच्या डोळ्यांदेखत हात वर करावा लागे, आणि तो दोष मोठाच होता. गुप्त मतपेटी गावात यायला पुढची काही वर्षं जावी लागली. तरीही हात वर करायचा हक्क होता. इंग्लंडमध्येसुद्धा स्थानिक निवडणुकीत संसदेच्या प्रत्येक मतदाराला मत मिळालं ते 1945 च्या कायद्याने. तोवर ते प्रामुख्याने घर-जागा धारण करणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला मिळे. ज्यांनी आम्हाला दीडशे वर्षं स्वराज्याचे धडे दिले त्यांच्यात आणि बुंदेलखंडातल्या खेड्यांत अंतर उरलं चार वर्षांचं. कसब्यांची आणि शहरांची पाळी 1953 मध्ये आली, तेव्हा उत्तर प्रदेशात नगरपालिकांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने झाल्या.

खेर पुढे 1952 ते 1962 आणि पुन्हा 1969 ते 1974 उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष होते. आमच्या झाशीचेच दुसरे मराठी, रघुनाथ विनायक धुळेकर, संविधान सभेत होते, 1952 मध्ये झाशीहून लोकसभेवर गेले आणि 1958 ते 1964 विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे 1958 ते 1962 या काळात लोकसंख्येने देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या दोन्ही सभागृहांच्या आसनांवर झाशीची मराठी माणसं बसलेली होती. महाराष्ट्रात ही गोष्ट मी सांगते तेव्हा लोक चकित होतात. झाशी म्हणजे राणी, आणि राणीनंतर काही नाही, असं पुष्कळांना वाटतं. राणीबद्दल माझ्या मनात किती आहे ते मी सांगायला नको. पण खेरांचं नाव एकाही मराठी पाठ्यपुस्तकात मला सापडलं नाही, आणि हे मला लागतं.

गुप्तजीही 1952 ते 1964 राज्यसभेत होते, राष्ट्रपतिनियुक्त. 1941 च्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी तुरुंगवास भोगला होता. संसदेत ते कधी कधी पद्यात बोलत. गावाला त्यांचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण गावची नाली उपसायला कुणीतरी निवडूनच यावं लागतं, आणि त्यासाठी चिरगाँवला आज नगरपालिका परिषद आहे.

तिथल्या ज्या निवडणुकीचं काम मी शेवटचं केलं ती 4 मे 2023 ची. झाशी महानगरात त्या दिवशी यंत्रावर मतदान होतं; नगरपालिका परिषदांत कागदी मतपत्रिकेवर. आदल्या दिवशी दुपारी पत्र्याची पेटी, मतपत्रिकांचे गठ्ठे, शाई, लाख, सुतळी हे सगळं मोजून घ्यायचं आणि मतदान पथकाबरोबर ट्रकमध्ये बसायचं. सकाळी सहाच्या आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींना रिकामी पेटी उलटी करून दाखवायची, मग सील. सातला रांग सुरू, सहाला बंद. प्रत्येकाला दोन मतपत्रिका, एक अध्यक्षाची, एक सभासदाची. शिक्क्यावर फिरत्या बाणांची खूण असते. घडी घालताना ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटली तरी बाण उलटे फिरलेले दिसतात, म्हणून मोजणीत खरा शिक्का ओळखू येतो. पहिली घडी उभी घालायची, दुसरी आडवी. हे मी दिवसभर सांगत होते. एका म्हाताऱ्या बाईने शिक्का हातात घेऊन मला विचारलं, "बेटी, दोऊ जगां लगाने?" मी म्हटलं, "हओ अम्मा, एक इतै, एक उतै." तिने वेळ घेतला. मागे रांग होती, पण कुणी घाई केली नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये, लंडनबाहेरच्या एका जिल्ह्यात राहते. तिथल्या जिल्हा परिषदांच्या निवडणुकाही त्याच दिवशी, 4 मे 2023 लाच होत्या. भारतीय नागरिक असूनही तिला तिथे मत आहे, कारण तिथल्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या रहिवाशांना तो हक्क आहे. रात्री तिचा फोन आला. मतदान तिथे रात्री दहापर्यंत चालतं, शिक्क्याऐवजी पेन्सिलीने फुली मारायची असते. आणि फोटोचं ओळखपत्र दाखवणं इंग्लंडमध्ये त्याच निवडणुकीपासून सक्तीचं झालं होतं. रांगेत काही लोक ओळखपत्रावाचून परत गेले, असं ती सांगत होती. मला वाईट वाटलं. ओळखपत्राची सवय आपल्याला आता कित्येक वर्षांची आहे. आपल्याकडे माणूस परत जातो तो यादीत नाव नसल्यामुळे. उत्तर प्रदेशात पालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीहून वेगळी तयार होते, आणि विधानसभेला मत दिलेली माणसं पालिकेला नाव शोधत फिरतात. त्या दिवशी माझ्या टेबलासमोरूनही अशी माणसं परत गेली. त्यांना नाही म्हणणं ही ड्यूटीतली सर्वांत कठीण गोष्ट.

दुसरी खंत स्त्रियांच्या राखीव जागांची. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने, 1 जून 1993 पासून, एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. बाया निवडून येतात. पण बऱ्याच कसब्यांत खुर्चीवर नवरा बसतो आणि लोक त्याला बिनदिक्कत प्रतिनिधी म्हणतात. कायद्यात अशा प्रतिनिधीला जागा नाही. ही प्रथा बंद पाडणं अधिकाऱ्यांच्या हातात आहे आणि त्यांनी ती पाडली पाहिजे.

चिरगाँवची ती निवडणूक काही महिने उशिराने झाली होती. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 रोजी ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या सक्तीच्या केल्या होत्या. त्यांच्या आधारे अलाहाबाद उच्च न्यायालयाने 27 डिसेंबर 2022 ला उत्तर प्रदेशची आरक्षणाची अधिसूचना रद्द केली. आयोग नेमला गेला, मार्चमध्ये अहवाल आला, मेमध्ये मतदान झालं. महाराष्ट्रात मात्र मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसला. निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी द्यावा लागला. मॅजिस्ट्रेटने नेमलेल्या पंचायतीची आठवण मला तेव्हा फार झाली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, हे घटनेच्या 243-यू अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेलं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना माझी विनंती आहे: पालिकेची मुदत कधी संपते ती तारीख लक्षात ठेवा, प्रभागाची प्रारूप यादी लागली की आपलं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं नाव त्यात तपासा, आणि चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या.